फडावरच्या गरोदर बायकांसाठी दोन्ही गावांना विनंती

मराठवाड्यातल्या गावकऱ्यांनो, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊस बागायतदारांनो,

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्यांत गरोदर बायकाही असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या जोडीवर घेतलेली. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा होतो, म्हणून दिवस भरत आले तरी ती डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढते. दवाखान्यात गेली तर खाडा पडतो. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. हिला एका तपासणीपायी दिवसाची मजुरी जाऊन वर दंड भरावा लागतो.

योजना नाहीत असं नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पण हप्ते सुटतात ते तपासणीच्या आणि लसीकरणाच्या नोंदींवर. नोंद गावच्या अंगणवाडीत आणि बाई चार-सहा महिने परजिल्ह्यात कोपीवर, मग पैसे अडकतात. तिसऱ्या खेपेच्या बाईला तर या योजनेत काहीच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरदार वगळता गरोदर बाईला किमान सहा हजारांचा हक्क दिला, त्यात कितवं मूल हे विचारलेलं नव्हतं. हा भेद नंतर योजनेने आणला आणि तो अन्यायाचा आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणतो.

फडावरच्या अशा कष्टांचा शेवट कुठे होतो ते बीडने पाहिलं आहे. ऐन तिशीत गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांची संख्या पुढे आली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

बागायतदारांनो, तोडीसाठी आपल्यालाच मुकादमाच्या मागे फिरावं लागतं, हे खरं. गरोदर बाईचा खाडा लावू नको, असं त्याला एकट्याने सांगणं अवघड जातं. पण कारखान्याचे सभासद आपण आहोत. वार्षिक सभेत मागणी करा, की गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवशी खाडा लागणार नाही आणि तिची त्या दिवसाची मजुरी कारखाना भरेल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. शेतात टोळी उतरली की आशाताईंना कोपीवर घेऊन जा. अंगणवाडीतला आहार परगावच्या बाईचाही हक्क आहे. अडचणीच्या वेळी १०२ ची गाडी बोलवा. फडाचा रस्ता तुम्हालाच ठाऊक असतो.

गावकऱ्यांनो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी करा. मातृवंदनेचा अर्ज, तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळं गाडी निघण्याआधी झालं पाहिजे, आणि कार्ड तिच्यासोबत गेलं पाहिजे. कितवंही बाळंतपण असो, सहा हजार मिळालेच पाहिजेत, असा ठराव त्याच सभेत घ्या. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्या, आणि यादी त्या बायकांना विचारून टोळी जिथे उतरणार तिथल्या आरोग्य केंद्राला आधीच पाठवा.