डोंगर हिरवा आहे, पण कशाने?

काठगोदामला गाडीतून उतरून नैनितालचा घाट चढणाऱ्या पर्यटकांत मराठी माणसं पुष्कळ असतात. त्या तासा-दीड तासाच्या वाटेवर तीन जंगलं लागतात. पायथ्याला साल, मधल्या उतारांवर चीड आणि तलावाच्या आसपास, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, बांज. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते आणि त्या बेताने झाडं बदलतात. आणखी वर देवदार, खरसू, भोजपत्र. मग बुग्याळांची कुरणं.

चिंता आहे ती चीड आणि बांज यांच्यामधल्या सीमेची. बांजचं पान वरून गर्द हिरवं, खालून पांढऱ्या लवेचं. गुरं ते खातात, आणि गळून कुजलं की काळी, पाणी धरून ठेवणारी माती होते. बांजखालचा झरा उन्हाळ्यातही आटत नाही, असं पहाडातल्या बायका सांगतात. घागर त्यांच्याच डोक्यावर असते. चिडीच्या सुया, म्हणजे पिरूल, राळेने भरलेल्या. कुजता कुजत नाहीत, मे महिन्यात ठिणगी पडली की भडकतात. जाड सालीची मोठी चीड वणव्यातून तगते, बांजचं रोप मरतं आणि मोकळ्या झालेल्या उन्हात पुन्हा चिडीचंच बी रुजतं. गावांनीही वैरण-सरपणासाठी बांज ओरबाडला, हे खरं. पण रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि राळेसाठी चिडीला मान दिला तो ब्रिटिश वनखात्याने. 1921 साली कुमाऊंच्या लोकांनी सरकारी जंगलं पेटवली तेव्हा चीड जाळली, रुंद पानांची झाडं राखली, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केली आहे.

हजार मीटरवरची हिरवी झाडं व्यापारासाठी तोडायला 1981 पासून बंदी आली. बंदीने कुऱ्हाड थांबते, वणवा थांबत नाही. आणि बांजच्या जागी चीड आली तर वनाच्छादनाच्या आपल्या मुख्य आकड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या माथ्यांची सावली 10 टक्के असली की ते वनाच्छादन, मग झाड कोणतंही असो. वनप्रकारांचे नकाशे ही संस्था वेगळे करते, पण मंत्री वाचून दाखवतात आणि वर्तमानपत्रं छापतात तो एकच आकडा.

तो आकडा यापुढे उंचीच्या पट्ट्यांनुसार आणि झाडांच्या जातींनुसार फोडून जाहीर व्हावा. दीड ते अडीच हजार मीटरच्या पट्ट्यात बांज किती उरला, हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर यावं. पिरूल गोळा करण्याची मजुरी वणव्याच्या हंगामाआधी, फेब्रुवारीतच, गावच्या वनपंचायतींच्या हाती पडावी.