जुन्या वाइनचा भाव कोणाच्या पदरात?



गळिताच्या धामधुमीत वाइनचा विषय कशाला, असे आमचे माळकरी सभासद म्हणतील. आम्ही कोणाला प्यायला सांगत नाही. पण प्लॉट पाहणीला गेलो की तरुण मंडळी बांधावरच विचारतात, "साहेब, उसाचं राहू द्या, वाइनच्या द्राक्षाचं बोला. जितकी जुनी तितका भाव म्हणे!" हे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर लागण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या वाइनचा हिशेब चोख ठेवणारा मुलूख म्हणजे स्पेनमधील रिओहा. तिथली तांबडी वाइन मुख्यतः टेम्प्रानियो जातीच्या द्राक्षाची. 'टेम्प्रानो' म्हणजे लवकर. आपल्या हळव्या भातासारखी ही जात लवकर पिकते. 'क्रिआन्झा' म्हणून विकायची तर वाइन दोन वर्षे मुरलेली हवी, त्यातले निदान एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात. 'रेसेर्वा'ला तीन वर्षे. 'ग्रान रेसेर्वा'ला पाच, त्यातली दोन पिंपात. पिंप 225 लिटरचे. बाटलीवर नियामक मंडळाचा शिक्का असतो, आणि त्या मंडळावर द्राक्ष पिकवणारे व वाइन करणारे असे दोघेही बसतात. हे ध्यानात ठेवा.

पिंपाच्या लाकडातून हवा अगदी जराशी आत झिरपते आणि वाइनचा तुरटपणा मऊ पडत जातो. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिला-खोबऱ्यासारखा वास चढतो. जुन्या वळणाची मंडळी ठरावीक महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढून खालचा गाळ मागे ठेवतात, आणि ती निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालतात. आपल्या गुऱ्हाळावर भेंडीचा चीक घालतात तसेच हे. फरक इतकाच की आपली मळी वर येते, त्यांचा गाळ खाली बसतो.

टेम्प्रानियो नाशिक भागातही लावली गेली आहे. तिथल्या एका वाइनरीत आम्ही चव घेऊन पाहिली. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. नवी वाइन जांभळट दिसते, जुनीची कड विटकरी. मग वास, मग छोटा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा. (थुंकायला भांडे ठेवलेले असते, हे माळकऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो.) नवी वाइन कच्च्या जांभळासारखी जीभ धरते, मुरलेलीत सुक्या मेव्याचा, तंबाखूच्या पानाचा वास येतो. गुळाच्या सौद्यात जाणता व्यापारी ढेपेचा कण जिभेवर ठेवून खारवट रानाचा गूळ ओळखतो ना, ती आणि ही विद्या एकच.

पण प्रत्येक वाइन ठेवून सुधारत नाही. जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायचीच असते. मुळात आंबटपणा, तुरटपणा आणि फळाचा कस नसेल तर ती नुसती म्हातारी होते. उसाच्या फडात आम्ही जो ब्रिक्स मीटर घेऊन हिंडतो तोच द्राक्षबागेतही चालतो, तांबड्या वाइनला साधारण 22 ते 24 ब्रिक्स धरतात. पण एवढ्यावर भागत नाही.

आणि पाच वर्षे थांबायचे कोणी? पिंपे, थंड तळघर, अडकलेल्या भांडवलाचे व्याज, हे सगळे ज्याच्या डोक्यावर त्यालाच जुनेपणाचा भाव. बागायतदाराला मिळतो तो फक्त काढणीच्या दिवशीचा दर. उसाला निदान 14 दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, तरी आपण किती भांडतो! शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाला, राज्यात 2001 साली वाइनचे धोरण आले, लोकांनी उमेदीने बागा लावल्या. 2008-09 च्या मंदीनंतर माल पडून राहिला, द्राक्षे उचलायला कोणी येईना, आणि पुष्कळांनी वेली उपटल्या.

तेव्हा लावायचेच तर तळघरातही सभासदाचा शेअर हवा, नाहीतर निदान पाच-सात वर्षांचा लेखी खरेदी करार हवा. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसात हा नाद करूच नये. शिरोळ-हातकणंगल्याकडे निचऱ्याचे माळरान असेल तर बोलता येईल. करार घेऊन शेतकी ऑफिसला या. माती तपासायला आम्ही स्वतः येऊ. तोवर खोडव्याला कुऱ्हाड लावू नका.

— ऊस विकास अधिकारी