अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून स्वमग्नता संपते काय?

प्रत्येक मोठ्या गावात, प्रत्येक वस्तीत असा एखादा तरुण सापडतो. तो कुणाच्या नजरेला नजर देत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी तोच प्रश्न परत म्हणतो, नाहीतर एकाच विषयावर तासभर बोलत राहतो. लग्नातल्या बँडचा आवाज त्याला सोसत नाही. रोजची वाट बदलली की तो बेचैन होतो. गाव त्याला 'येडा' म्हणून मोकळे होते. शाळेने त्याला केव्हाच सोडलेले असते. आईबापाने बुवा, भगत, गंडेदोरे सारे करून पाहिलेले असते, त्यात होते नव्हते ते गेलेले असते. या तरुणाला ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, ती असू शकते, हे त्याला व त्याच्या घरच्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

स्वमग्नता हा रोग नव्हे, वेड नव्हे आणि मागच्या जन्मीचे पाप तर मुळीच नव्हे. मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी असते, एवढाच त्याचा अर्थ. ती लहानपणी दिसू लागते आणि आयुष्यभर सोबत राहते. परंतु शासनाच्या लेखी ती जणू अठराव्या वर्षी संपते. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतो. तो चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की, एकोणिसाव्या वर्षी त्या मुलाने कुठे जावे? आणि ज्याची लहानपणी तपासणीच झाली नाही, त्या पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने कुणाचे दार ठोठवावे?

यावर हमखास एक उत्तर मिळते : 'आता वय झाले, आता काय शिकणार?' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ते विज्ञानालाही मान्य नाही.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून ऑटिझमची ओळख जगाला करून दिली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. हा मुलगा पुढे तेविसाव्या वर्षी गोल्फ शिकला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि गावातल्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली. २०२३ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. म्हणजे वाढलेल्या वयातही स्वमग्न माणूस शिकतो. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. डोनाल्डचे वडील वकील होते आणि ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. गावाने त्याला सांभाळून घेतले, कारण तो बँकवाल्यांचा होता. त्याच काळात त्याच राज्यातील काळ्या मजुराच्या घरी असाच मुलगा जन्मला असेल, तर त्याचे काय झाले, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. आमचा सवाल त्या दुसऱ्या मुलाचा आहे.

प्रौढांना काय शिकवता येते? अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात शॉन ईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलू शकणाऱ्या ५४ स्वमग्न प्रौढांवर अठरा महिने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मूळ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी तयार केलेली ही उपचारपद्धती. तिचे दोन भाग. दोघादोघांच्या जोडीने संगणकावर लक्ष, स्मरण आणि अडचण सोडविण्याचा सराव करायचा, हा पहिला. आणि आठवड्यातून एकदा लहान गटात बसून समोरच्याच्या मनात काय चालले असेल, बोलण्याचा मथितार्थ काय, प्रसंग कसा ओळखावा याचा अभ्यास करायचा, हा दुसरा. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला एकेकट्याने आधार व समुपदेशन देण्यात आले. दोन्ही गट सुधारले. लक्ष देण्यात आणि विचाराच्या वेगात पहिला गट पुढे गेला, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पगाराची नोकरी मिळविण्यातही पुढे गेला. प्रयोग लहान होता आणि बुद्ध्यांक ८० च्या खाली असलेले त्यात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु 'आता काय शिकणार' या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन यांनी तरुणांसाठी सोळा आठवड्यांचा वर्ग बसविला आहे. संभाषण कसे सुरू करावे, कुणी चिडवले तर काय म्हणावे, मैत्री कशी टिकवावी हे त्यात पायरीपायरीने शिकवितात, आणि आईवडिलांना शेजारच्या खोलीत बसवून घरी सराव कसा घ्यावा तेही शिकवितात. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी असे गटातले सामाजिक शिक्षण आणि नोकरीच्या जागी आधार देण्याची शिफारस केली आहे. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर मनोविकाराच्या गोळ्या देऊ नयेत, हेही त्यात स्पष्ट आहे.

ध्यानात घ्या, यात कुठेही महागडे यंत्र नाही, इंजेक्शन नाही. एक खोली, सात-आठ माणसे, एक प्रशिक्षित व्यक्ती आणि नियमितपणा, एवढेच लागते. याउलट जे लाखो रुपये उकळते, त्याला आधार नाही. स्टेम सेलने ऑटिझम बरा करण्याची जाहिरात आपल्या देशात वर्षानुवर्षे चालली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ साली ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. गावातला बुवा कोंबडे मागतो, शहरातला बुवा धनादेश मागतो. दोघांपासूनही सावध राहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हाला आग्रहाने सांगायची आहे. उपचार म्हणजे त्या माणसाला ठोकून-ठाकून 'चारचौघांसारखा' करणे नव्हे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज अभ्यासकाने २०१२ साली मांडले की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही त्याचे मन कळत नाही. ही दरी दोन्ही बाजूंनी आहे. 'तुम्ही बदला, मग आम्ही तुम्हाला माणूस म्हणू' ही भाषा आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ऐकली आहे. तीच भाषा आपण आपल्याच घरातल्या वेगळ्या मुलाशी बोलणार आहोत काय? कौशल्य शिकवायचे ते त्याची फसवणूक होऊ नये, त्याला त्याची मजुरी पुरती मिळावी, दवाखान्यात दुखणे सांगता यावे म्हणून. आणि त्याच वेळी गावालाही शिकवायचे की, हा मनुष्य हात हलवतो म्हणून त्याला दगड मारायचा नसतो.

आता गोंदियाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके, धानाची शेती, राईस मिल, विडी आणि तेंदूपत्त्याची मजुरी. समजा, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडचा स्वमग्न तरुण तेंदूपत्त्याच्या फळीवर जातो. पाने मोजून पुडे बांधण्यात तो चुकत नाही. परंतु मुंशीने पुडे कमी लिहिले तर 'हे चूक आहे' असे कुणाला, कशा शब्दांत सांगावे, हे त्याला येत नाही. त्याची गरज नेमकी इथे आहे. त्याच्यासाठी आईबापाने नागपूर गाठायचे, तर नुसत्या गोंदियापासूनच तो रेल्वेचा सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास. दोघांची मजुरी बुडणार, आणि हे दर आठवड्याला. शिवाय घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलली जाते आणि तपासणारा पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत विचारतो. उत्तर आले नाही की बुद्धीच कमी ठरते.

कायदा मात्र मुका नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते घेतले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात ऑटिझम आहे. याच कायद्याचे कलम २५ सांगते की, विशेषतः ग्रामीण भागात, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतील दिव्यांगाला घराजवळ मोफत आरोग्यसेवा मिळाली पाहिजे. 'घराजवळ' हा शब्द अठरा वर्षांखालच्यांसाठी राखून ठेवलेला नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या कलम ४१ मध्येही दिव्यांगत्वाच्या प्रसंगी शासकीय साहाय्याचा उल्लेख आहे. ही भीक नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रौढ स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्यात कुठे, कोणत्या वारी, कोण तज्ज्ञ बसतो, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून एक दिवस प्रौढांचा गट चालवावा आणि तिथे स्थानिक बोली जाणणारा माणूस नेमावा. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरील समितीने किती कुटुंबांना 'निरामय' विमा मिळवून दिला, त्याचा हिशेब द्यावा. या विम्यात १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय असून त्यात थेरपीही येते.

आणि सगळेच शासनावर सोडून चालणार नाही. गटाला खोली लागते, ती आपल्याकडे आहे. गावोगावची विहारे आणि समाजमंदिरे आठवड्यातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. तिथे एक दुपार या तरुणांसाठी का उघडू नये? समाजकार्याचे शिक्षण घेतलेली आपली मुले-मुली बेकार बसली आहेत. त्यांना प्रशिक्षण मिळाले तर ती हे काम करतील. चटई, पाणी आणि मानधनाला पैसा लागेल, तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायचीच असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

१ मे हा गोंदिया जिल्ह्याचा जन्मदिवस आणि ग्रामसभेचाही दिवस. त्या दिवशी प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने एकच प्रश्न लेखी द्यावा : आपल्या गावात अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्ती किती, आणि त्यांच्यासाठी या वर्षी काय केले? उत्तर नसेल तर 'माहिती नाही' हेच इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. ज्याची नोंदच नाही, त्याचा हक्क कुणी देत नाही.