बाकावर पिकणारी पोरं

माणसाला जन्मतः तीन गोष्टी निवडता येत नाहीत: आईबाप, आडनाव आणि रणजीचा संघ. पहिल्या दोन गोष्टींबद्दल आमची काही तक्रार नाही. तिसरीबद्दल मात्र आज चार शब्द सुनवायचे आहेत, आणि ते कुणाला झोंबले तर झोंबोत.

आता ज्यांचा क्रिकेटशी संबंध फक्त जावई घरी आल्यावर टीव्ही लावण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडा भूगोल. आपलं राज्य एक, पण रणजीत त्याचे संघ तीन. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा आणि ह्या दोघांनी आपापलं ताट वाढून घेतल्यावर जो मुलूख उरतो त्याचा ‘महाराष्ट्र’. जळगाव-धुळे ह्या उरलेल्यांत. मुंबईनं २०२३-२४ साली बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. महाराष्ट्रानं दोनदा जिंकला. १९३९-४० साली आणि १९४०-४१ साली. त्यानंतर दुसरं महायुद्ध संपलं, इंग्रज गेले, राज्य झालं, माणूस चंद्रावर जाऊन आला. आम्ही अजून वाट पाहतोय.

ह्यात जीवघेणी गोष्ट अशी, की जळगावहून नागपूरच्या दिशेनं निघालेल्या माणसाचा गाडीत डोळा लागला आणि भुसावळ चुकून तो मलकापूरला जागा झाला, तर तो विदर्भात असतो. म्हणजे तासाभराच्या डुलकीत त्याच्या नावावर तीन करंडक जमा होतात. आम्ही मात्र जागे राहून भुसावळला उतरतो. जागरूक नागरिकाची ही अशी परवड.

आमचा इतिहास नाही असं नाही. इतिहास तर इतका आहे, की आमच्याकडे तेवढाच आहे. प्रोफेसर देवधरांनी पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता संघाला दोन करंडक मिळवून दिले, आणि वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. विजय हजाऱ्यांनी १९३९-४० साली बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. ते पाहून बडोद्याला त्यांचा इतका लळा लागला, की पुढे हजारे बडोद्याचेच झाले. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम हाताच्या अंतरावर होता, तर काठियावाडवाल्यांनी सामनाच सोडून दिला. पुढे २०१६ साली स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे ह्या जोडीनं दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ची भागी केली. संगकारा-जयवर्धने जोडीचा जागतिक विक्रम ६२४चा. तीस धावा राहिल्या असताना आम्ही डाव घोषित केला. ह्या वेळी तर समोरचा पळूनही गेला नव्हता! थोडक्यात, विक्रमाच्या दारात जायचं, कडी वाजवायची आणि आतून ‘कोण आहे?’ असं विचारताच परत फिरायचं, ही आपली जुनी रीत.

पण त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. आमची जोडी ५९४ करून बसल्यावर दिल्लीकडून एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला आणि त्यानं एकट्यानं ३०८ ठोकल्या. त्याचं नाव ऋषभ पंत. साडेतीन महिन्यांत तो भारताकडून खेळत होता. आता आम्हाला सांगा, हा पोरगा आपल्याकडे असता तर? आमची खात्री आहे, त्याला तिसऱ्या सामन्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धाडलं असतं, आणि वर सांगितलं असतं, ‘बाळ, अजून वय आहे तुझं.’

‘वय आहे तुझं’ हे वाक्य मोठं विषारी आहे. लग्नाच्या मुलाला म्हटलं तर तो खूश होतो, क्रिकेटच्या पोराला म्हटलं तर त्याचं आयुष्य जातं. आमचे एक शेजारी बँकेतून निवृत्त झालेत. ते सकाळी पेपर वाचायला आमच्याकडे येतात (त्यांचा पेपर त्यांच्या सूनबाई वाचतात). ते अनुभवाचे कट्टर पुरस्कर्ते.

“भाऊ, काही म्हणा, अनुभव तो अनुभव!”

“अहो काका, पण अनुभव यायचा कुठून? खेळल्यावरच ना?”

“खेळायचं कधी? अनुभव आल्यावर!”

हे तर्कशास्त्र त्यांनी कर्जखात्यात पस्तीस वर्षं वापरलं. ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच कर्ज. बँक त्यावर चालली, हे मान्य. पण संघ चालत नाही. १९७०-७१चा अंतिम सामना आठवा. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड हे मुंबईचे सगळे मोहरे वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईकांच्या हाताखाली मुंबईनं उरलेली पोरं उभी केली, आणि ती पोरं आम्हाला हरवून करंडक घेऊन गेली! घरचे कर्ते पुरुष परगावी असताना शेंडेफळानं पाहुण्यांना कुस्तीत चीत करावं, तसा प्रकार. मुंबईचं मोठेपण गावसकरात होतंच. पण गावसकर नसताना कोण खेळणार, हे तिथं आधीच ठरलेलं असायचं. त्यात जास्त होतं.

बरं, आपल्याकडे पोरांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तेही नाही. उलट, पीक असं येतं की पाहत राहावं. आणि येतं कुठून? जालन्याच्या विजय झोलनं २०११ साली एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या आणि रणजीतल्या पहिल्याच सामन्यात नाबाद २००. त्याच २०१३-१४च्या मोसमात वानखेडेवर मुंबईला हरवताना केदार जाधवच्या जोडीला हाच उभा होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२चा युवा विश्वचषक जिंकून आला. सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीनं २०२३ साली महाराष्ट्र प्रीमिअर लीगमध्ये एका सामन्यात तेरा षटकार मारले, आणि तेवढ्यानं हात दुखले नाहीत म्हणून चार बळीही घेतले. बीडच्या सचिन धसनं २०२४च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, आपले ३२ धावांत चार गडी गेले असताना, दक्षिण आफ्रिकेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ काढल्या. जालना, तुळजापूर, सोलापूर, बीड! ही यादी वाचताना क्रिकेटचा संघ वाचतोय की एसटीचं वेळापत्रक, असा भास होतो. आणि आम्हाला त्याचाच अभिमान आहे.

आता आमची मतं. ऋतुराजबद्दल बोलायलाच नको. एका षटकात सात षटकार मारणाऱ्या माणसाबद्दल (२०२२, उत्तर प्रदेशविरुद्ध, नाबाद २२०) मत द्यायचं म्हणजे सूर्याला उजेडाचा दाखला देणं. पण तो भारताला आणि आयपीएललाही लागतो. संघ त्याच्या भोवती बांधला तर तो नसताना मधोमध खड्डा पडतो. अर्शीनला सलामीला पाठवायचं तर सबंध मोसम पाठवा. एका सामन्यात सलामीला, दुसऱ्यात सहावा, तिसऱ्यात तंबूत, अशानं तो अष्टपैलू व्हायचा नाही, अष्टावक्र होईल. धसला पाचवा नंबर द्या आणि विसरून जा. बत्तीसला चार झाल्यावरच ज्याला कंठ फुटतो, त्याला आपल्या संघात संधीची वाण पडणार नाही. हंगरगेकरला जुन्या चेंडूनं दमवू नका. विकी ओस्तवालला फिरकीचा एक शेवट कायमचा लिहून द्या. सातबाऱ्यावर नाव चढलं की माणूस जमिनीची निगा राखतो.

ह्यावर शेजारी म्हणतात, “आणि हरलो म्हणजे?” अहो, ऐंशी वर्षांहून अधिक काळ अनुभवी माणसं घेऊन आपण काय जिंकत होतो? हरायचंच असेल तर निदान पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असं हरू.

आता नाजूक मुद्दा. २०२५ साली आपण दोन मोठे पाहुणे आणले. मुंबईचा पृथ्वी शॉ आणि मध्य प्रदेशातून केरळमार्गे आलेला, चाळिशीकडे झुकलेला जलज सक्सेना. मोसमाचा पहिला सामना तिरुअनंतपुरमला, केरळशीच. धावफलकावर एक धाव लागायच्या आत आपले तीन गडी परतले. त्यात आमचा पाहुणाही होता आणि घरचा अर्शीनही. मग १८ला पाच! तिथून ऋतुराजनं ९१ आणि जलजनं ४९ काढून अब्रू वाचवली. पुढच्याच सामन्यात चंडीगढविरुद्ध शॉनं २२२ ठोकल्या. खोटं कशाला बोला, पाहुणे कामाला आले. आमचं पाहुण्यांशी भांडण नाही. खान्देशात पाहुण्याला शेवभाजी आणि भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. प्रश्न एवढाच आहे, की पाहुण्याला पंगतीत बसवताना उठवलं कुणाला?

“विदर्भानं नाही आणले पाहुणे?” हा शेजाऱ्यांचा हुकमी एक्का. आणले ना! आधी चाळिशीचा वसीम जाफर आणला, नंतर करुण नायर आणला. पण २०२४-२५चा अंतिम सामना पाहा. विदर्भ ३ बाद २४. एका टोकाला नायर. दुसऱ्या टोकाला कोण? पहिलाच मोसम खेळणारा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार! त्याला त्यांनी राखीव ठेवला नव्हता. दोघांनी मिळून डाव उभा केला, पोरानं १५३ काढल्या. हर्ष दुबे नावाच्या दुसऱ्या पोरानं त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. नंतर नायर कर्नाटकात परत गेला. उसना माणूस गेला, पोरं घरात राहिली. विरजण असंच लावतात. चमचाभर दही पातेलंभर दुधात. आपण पातेलंभर दही आणून चमचाभर दूध घातलं, तर त्याला काय म्हणायचं ते घरोघरच्या अन्नपूर्णांना विचारा.

आणि आता आमच्या घरचं दुखणं. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमिअर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघ होते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, रत्नागिरी. खान्देशचा नाही. ती यादी पेपरात आली तेव्हा धुळ्यात चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी ती वाचून घेतली आणि विचारलं, “आपला पोऱ्या कोठे शे त्यामा?” सगळी टपरी गप्प. ह्या एका ओळीपुढे आमचा हा सबंध लेख फिका आहे.

पोऱ्या आहे हो! तो धुळ्यात गरुड मैदानावर आहे, जळगावात सागर पार्कवर आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, जिथे शहाणी माणसं कूलरपुढून हलत नाहीत, तिथे तो भर उन्हात चेंडू टाकतोय. टेनिसच्या चेंडूवर तो राजा आहे. सीझन बॉल आणि चांगली विकेट मिळाली तर आणखी कोण होईल ते पाहायला हवं. ट्रायलसाठी रात्रीच्या एसटीनं किट मांडीवर घेऊन तो पुण्याला जातो, आंबलेल्या अंगानं दहा-बारा चेंडू खेळतो आणि रात्रीच्या एसटीनं परत येतो. पुण्याचा मुलगा त्याच दहा-बारा चेंडूंना घरचे पोहे खाऊन स्कूटरवर येतो. दोघांची परीक्षा एकच. फक्त एकाचा पेपर सकाळी सुरू झाला आणि दुसऱ्याचा आदल्या रात्री.

केळीच्या मुलखातल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. घड कापायचा तो हिरवा असतानाच. मग त्याला योग्य जागी, योग्य वेळ ठेवायचं. पण एकदा पिकला, की दिवस हातावर मोजण्याइतके. वखारीत विसरलात, तर काळा पडतो. मग त्याला कितीही फुलं वाहा. सतरा वर्षांच्या पोराचंही तेच. त्याच्याकडे तीन, फार तर चार वर्षं असतात. त्यानंतर बाप म्हणतो, ‘बस झालं, दुकानावर बस’, किंवा तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवतो. बापाचंही चुकत नाही. बाकावर बसायचा पगार कुणी देत नाही, गल्ल्यावर बसायचा मिळतो.

तेव्हा आमचं मागणं थोडकं आहे. पोराला निवडलंत, तर साखळीचे सातही सामने खेळवा. तो पहिल्या दोन्ही डावांत शून्यावर गेला तरी तिसऱ्यात पाठवा. पाहुणा आणलात, तर त्याच्या समोरच्या टोकाला घरचा पोरगा उभा करा. आणि वर्षातून एकदा तरी निवड समितीनं पुण्याहून रात्रीच्या एसटीत बसून जळगाव-धुळ्याला यावं. पोरांना आम्ही सकाळी ताजेतवाने, घरचे पोहे खाऊन मैदानावर हजर ठेवू. समितीला अंग आंबलं असेल, हरकत नाही. त्यांना फक्त बघायचंच तर आहे.

एवढंही जमत नसेल, तर निदान मलकापूर आमच्या अलीकडे आणून ठेवा.