अणुयुगांतील तैनाती फौज

निजामी राजवटींत आमच्या अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि १९०३ सालापर्यंत येथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या नांवाची, खर्च निजामाच्या खजिन्यांतला, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा! तिच्या थकलेल्या खर्चापोटीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाच्या हातून गेलें. ज्या संरक्षणाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते, त्याची किंमत शेवटीं मुलूख देऊन चुकवावी लागते, हा धडा ह्या गांवच्या मातींतच आहे. म्हणूनच आजचें अणुराजकारण आम्हांस फारसें नवें वाटत नाहीं.

कित्येक विद्वान् आम्हांस सांगतात कीं, अण्वस्त्रप्रसारबंदीचा १९६८ सालचा करार हा मानवजातीच्या सुरक्षिततेचा पाया होय. हिरोशिमा व नागासाकी येथील संहार आठवला म्हणजे ह्या कराराच्या मुळाशीं असलेलें भय खोटें म्हणतां येत नाहीं. परंतु त्याची वांटणी पाहा. १९६७ सालच्या जानेवारीपूर्वीं ज्यांनीं स्फोट केला तीं पांच राष्ट्रें अण्वस्त्रधारी म्हणून मान्य. बाकीच्यांनीं व्रतस्थ राहावें! पांचांनीं निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी कराव्या असें कलम त्यांत आहे. पण मुदत घातलेली नाहीं. धनकोनें स्वतःच्या कर्जाची तारीख कोरी सोडावी आणि ऋणकोकडून मात्र रोख मागावें, असा हा व्यवहार आहे.

तो कसा चालतो तें तारापुरानें दाखविलें. १९६३ सालीं अमेरिकेशीं तीस वर्षांचा करार झाला. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. त्यांना लागणारें समृद्ध युरेनियमहि अमेरिकेनेंच पुरवावयाचें होतें. १९६९ सालीं वीज निघूं लागली. १९७४ सालीं पोखरणला स्फोट झाला, आणि १९७८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें आपल्या घरचा कायदा करून जुन्या करारावर नव्या अटी चढविल्या. इंधन अडकलें. आमचा हातहि येथें अगदीं निर्मळ नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. स्फोटाचें प्लुटोनियम ज्या सायरस भट्टींतून आलें, ती कॅनडानें शांततेच्या कामासाठीं दिली होती. परंतु तारापूरच्या इंधनाचा त्या स्फोटाशीं संबंध नव्हता. दंड मात्र तारापूरला झाला. मग १९८२ सालीं फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड झाली. पुढें चीनकडून, आणि त्यानंतर रशियाकडून तें आलें. ज्या चीनशीं १९६२ सालीं युद्ध झालें, त्याच्याच दारीं युरेनियमसाठीं जावें लागलें! वाढपी बदलत गेले. पान मात्र परक्याच्याच घरचें राहिलें.

येथवर आमच्याशीं बहुतेक वाचक सहमत होतील. पण आमचा खरा वाद आमच्याच घरांतल्या समाधानी पंडितांशीं आहे. १९९८ सालीं आम्हीं पुन्हां स्फोट केले. २००८ च्या सप्टेंबरांत अणुपुरवठादार राष्ट्रांच्या गटानें आमच्यापुरती सवलत दिली, आणि पंडित म्हणूं लागले कीं, अन्याय संपला. अन्याय संपला कोठें? नियम होता तोच राहिला. आम्हांस तेवढा अपवाद मिळाला. ज्या भेदाला आम्ही पूर्वीं अणु-वर्णभेद म्हणत होतों, त्याच्या माजघरांत आपणांस पाट मिळतांच तो भेद दिसेनासा व्हावा, ह्यास न्यायबुद्धि म्हणावें काय?

कोणी म्हणेल, राष्ट्राला वीज हवी, संरक्षण हवें. तत्त्वज्ञानानें दिवे लागत नाहींत. खरें आहे. सवलत घेतली ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. ती घेतल्यावर जो सूर उतरला त्याबद्दल आहे. २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांत १२२ राष्ट्रांनीं अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार मंजूर केला. त्याच्या वाटाघाटींस पांच बडीं राष्ट्रें गेलीं नाहींत, आणि आम्हीहि गेलों नाहीं. पडताळणीची सोय अपुरी आहे, जिनिव्हाची परिषद हीच योग्य जागा आहे, अशीं कारणें आम्हीं दिलीं. तीं अगदींच पोकळ नाहींत. पण ज्याला पडताळणी उणी वाटते त्यानें सभेंत जाऊन ती मागावी. दाराबाहेर उभें राहून मसुदा सुधारत नाहीं.

अमेरिका व रशिया ह्यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या शेवटच्या कराराचीहि मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. अशा वेळीं, ज्यानें दुसऱ्याच्या किल्लीचा जाच भोगला आहे, त्याच्याच शब्दाला कांहीं वजन असूं शकतें. तो शब्द आम्हीं अपवादाच्या मोबदल्यांत गहाण टाकला, तर वऱ्हाड देणाऱ्या निजामास हंसण्याचा आम्हांस अधिकार उरणार नाहीं. त्यानें निदान मुलूख दिला होता. आम्ही बोलण्याचा हक्कच देऊन बसूं.