डेटा आपला, दंड सरकारचा

मंडळी, आज जरा कायदा. पळून जाऊ नका, थोडक्यात आटपतो.

कुठे डेटा फुटला की हल्ली बातमीत 250 कोटींचा आकडा हमखास असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजी कंपनीला ठेवलेला हा कमाल दंड. ऐकायला झकास! पण कलम 34 वाचलंत का? ही रक्कम जाणार भारताच्या एकत्रित निधीत. पॅन नंबर तुमचा, मनस्ताप तुमचा, चेक मात्र सरकारला. शिवाय खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केलीत असं ठरलं, तर 10 हजारांपर्यंत दंड तुम्हालाच.

आधी असं नव्हतं. 2005 मध्ये पुण्यातल्या एम्फसिसच्या बीपीओतून सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचं प्रकरण गाजलं. डेटा सांभाळण्याबद्दल आपल्याकडे धड कायदा नाही, अशी ओरड तेव्हा झाली. पुढे आयटी कायद्यात दुरुस्ती होऊन 27 ऑक्टोबर 2009 पासून कलम 43-ए आलं. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर भरपाई थेट ज्याचं नुकसान झालं त्याला. 5 कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, कारण ते न्यायनिर्णय अधिकारीही असतात. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे?

याच सचिवांपुढे काय होऊ शकतं, ते 2013 मध्ये दिसलं. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीजकडून फिशिंग मेलला उत्तर गेलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80.10 लाख गायब झाले. तेव्हाचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला 45 लाख द्यायला सांगितले. मेलला उत्तर दिलं म्हणून काही भार तक्रारदारावर, पण चोरांची खाती नीट न तपासता उघडली म्हणून बाकीचा बँकेवर. आपण ऑफिसात बगचं मूळ शोधतो, तसाच हा निकाल वाटतो मला.

आता गंमत बघा. नवा कायदा हे 43-ए काढूनच टाकतो. नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेत त्यासाठी 18 महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे 2027. बदल्यात भरपाईची तरतूद? शून्य. माझ्या मते ही सरळ माघार आहे.

मग उरतो ग्राहक आयोग. आमच्या तळेगावात फ्लॅट बुक करा, संध्याकाळपर्यंत इंटिरिअरवाले, लोनवाले, पडदेवाले, सगळ्यांचे फोन सुरू! ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याला सोडून दुसऱ्याला देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. अट एवढीच की सेवा पैसे देऊन घेतलेली हवी. फुकट ॲपवाले इथे सुटतात.

पण चार फोन आले म्हणून रजा टाकून आयोगाच्या चकरा कोण मारणार? कंपन्या याच हिशोबावर निवांत असतात. उपाय त्याच कायद्याच्या कलम 35 मध्ये आहे: आयोगाच्या परवानगीने एकाने सगळ्यांच्या वतीने तक्रार करायची. अमेरिकेत 2017 मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती फुटली, तेव्हा असेच सामूहिक दावे झाले आणि 2019 च्या तडजोडीत ग्राहकांसाठी 42.5 कोटी डॉलरपर्यंतची तरतूद झाली. आणि तळेगावकरांना हे नवीन का वाटावं? एकेक पैसा वर्गणी गोळा करूनच तर इथला पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला.

रोज डेटाबेसशी झटापट करणारा माणूस म्हणून सांगतो, एन्क्रिप्शनचं बजेट मंजूर होतं ते खर्चाचा आकडा समोर दिसला की. हजार ग्राहकांची एक तक्रार हा तसा आकडा आहे.

तेव्हा "तुमची माहिती उघड झाली असण्याची शक्यता आहे" असा मेल आला तर डिलीट करू नका. नवा कायदा पूर्ण लागू झाला की तो पाठवणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तुमचा पहिला पुरावा तोच. पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन आणि बँकेला लेखी कळवा. ग्राहक आयोगाकडे जायला मुदत दोन वर्षांची, आणि सेवेचे दिलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर फीसुद्धा नाही.