जुगाड, व्हर्जन एक

बर्फावर खेळणाऱ्यांचा एक प्रॉब्लेम आपल्या कधी लक्षातच येत नाही. दर उन्हाळ्यात त्यांचं मैदानच वितळून जातं! मग हे लोक करतात काय? तर तेच सामान घेऊन भलत्याच ठिकाणी खेळत बसतात. आणि त्यातून काय काय निघालंय हे बघितलं की सॉलिड मजा येते.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत मिनियापोलिसला स्कॉट ऑल्सन आणि त्याचा भाऊ आइस हॉकी खेळायचे. उन्हाळ्यातही सराव व्हावा म्हणून त्यांनी बुटाखाली पात्याऐवजी एका ओळीत चाकं बसवली. कल्पना जुनीच, पण त्यांनी ती नीट जमवली आणि त्यातून रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं जे इनलाइन स्केट्स घालून धडपडत असतात, ते तिथून आलं. फिनलंडचे स्कीपटू बर्फ नसताना स्कीच्या काठ्या घेऊन पायीच हिंडायचे. १९९७ मध्ये तिथे खास चालण्यासाठीच्या काठ्या बाजारात आल्या आणि 'नॉर्डिक वॉकिंग' हा वेगळाच व्यायाम सुरू झाला.

पण माझी आवडती गोष्ट ओबरहोफची. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतलं हे छोटंसं गाव. १९५४ मध्ये हान्स रेनर नावाच्या प्रशिक्षकाने तिथे स्की जंपच्या उतारावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या अंथरल्या, अगदी आपण छप्पर शाकारतो तशा एकावर एक. वरून पाणी मारलं की स्की झकास घसरते. लोक हसले असतील, पण १९९४ पासून स्की जंपिंगची चक्क उन्हाळी ग्रां प्री स्पर्धा भरते, ती अशाच उतारांवर.

आता आपल्याकडे या. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन. ल्यूज खेळायचा. ल्यूज म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या ट्रॅकवरून सुसाट खाली येणं. भारतात असा ट्रॅकच नाही. मग यानं गाडीला चाकं लावली आणि हिमालयातल्या चालू रस्त्यांवर, ट्रक आणि मेंढरांचे कळप चुकवत सराव केला. १९९८ ते २०१८ अशी सलग सहा ऑलिंपिक्स! २०११ मध्ये आशियाई अजिंक्यपद.

त्याचा तो रस्त्यावरचा व्हिडिओ बघून आपण म्हणतो, "वा, काय जुगाड आहे राव!" माझं भांडण इथेच आहे.

जुगाड ऑल्सननेही केला, रेनरनेही केला. फरक पुढे पडला. त्यांच्या जुगाडावर कोणीतरी पैसा, जागा आणि नियम लावले. ओबरहोफमध्ये आज बर्फाचा ल्यूज ट्रॅक आहे, शिवाय २००९ पासून बाराही महिने स्की करता येईल असा बंदिस्त हॉलही आहे. आपण मात्र जुगाड करणाऱ्याला टाळ्या दिल्या, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारही दिला, आणि ट्रॅकचं काय ते तसंच राहिलं.

आपल्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. रिलीजच्या आदल्या रात्री केलेला पॅच, वर कॉमेंट 'नंतर नीट करू'. ते 'नंतर' कधी येतं हे तुम्हाला माहितीच आहे :) वर्कअराउंड करणारा हुशारच असतो. पण तो वर्षानुवर्षं तसाच चालू राहिला तर त्यात त्याची हुशारी नाही, बाकीच्यांचा आळस दिसतो.

आणि यात धोका आहे. चाक रस्ता पकडतं, पोलादी पट्टी बर्फावर निसटते. म्हणजे चाकांवरचा सराव हा मुळातच अर्धा सराव. त्यात समोरून ट्रक! हे शौर्य आहे, कबूल. पण पुढच्या सोळा वर्षांच्या पोराला हेच करायला सांगायचं?

कोणी म्हणेल, गरीब देशाला बर्फाचा ट्रॅक परवडतो का? बरं, नको. घाटातला एक रस्ता वर्षातून काही रविवार बंद ठेवा, वळणांवर गवताच्या पेंढ्या लावा, हेल्मेट आणि एक अँब्युलन्स द्या. रेनरनेही सुरुवात प्लॅस्टिकनेच केली होती, राजवाड्याने नाही.

जुगाडाचं कौतुक जरूर करा. फक्त टाळ्या वाजवून झाल्या की एक प्रश्न विचारा: व्हर्जन दोन कधी?